मागे कोणी नाही

बर्फाचा कारखाना आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. पलीकडे मिठाच्या पाण्याची टाकी, अलीकडे स्वयंपाकाचा ओटा. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्या उन्हाळ्यात आई दुपारी त्या भिंतीला पाठ लावून बसायची. डोळे मिटले की तिला वाटायचं, आपण एका फार मोठ्या, संथ श्वास घेणाऱ्या जनावराला टेकून बसलोय. कॉम्प्रेसरची घरघर भिंतीतून पाठीत यायची आणि पाठीतून स्वप्नात. पुढे ती तिला ऐकू येईनाशी झाली. थांबली तरच ऐकू यायची.

आज सकाळपासून तिचा त्या भिंतीला हातही लागला नव्हता.

"त्या खुर्च्या अशा समोरासमोर नको ठेवूस," आत्या म्हणाली. "बाई काय भांडायला येतायत?"

"दोनच तर आहेत, ताई. कशाही ठेवल्या तरी एकमेकींकडेच बघणार."

आत्या इस्पितळात आया होती. लिहून घेणाऱ्या माणसांची तिला चांगली ओळख होती. डॉक्टर, नर्स, पोलीस, विम्याचे लोक. "आपण बोलतो वीस वाक्यं, ते लिहितात एक," ती सांगायची, "आणि मग जन्मभर तेच आपलं." म्हणून आज सुट्टी घेऊन ती सकाळीच आली होती. कोणी काय बोलायचं, त्यापेक्षा कोणी काय बोलायचं नाही, हे ठरवायला.

आईच्या मुलीला, गारूला, दूरच्या, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात जागा मिळाली होती. जागा मिळाली होती, पैसे नाही. एका बँकेला जमीन असलेला जामीनदार हवा होता. एका संस्थेला आडनाव ऐकून पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. आता ही एकच संस्था उरली होती. तिची पाहणीची बाई आज दुपारी घरी येणार होती. बाईने हो म्हटलं तर गारू जाणार, नाही म्हटलं तर ती जागा दुसऱ्या कोणाची होणार.

संस्थेचा नियम गारूने सगळ्यांना वाचून दाखवला होता. ज्यांच्यामागे आर्थिक पाठबळ देणारं कोणी नाही, अशाच मुलामुलींना मदत. आजोबांनी त्यातले मधले तीन शब्द गाळून ऐकलं होतं आणि ते त्या दिवसापासून रुसले होते.

"मागे कोणी नाही म्हणजे? आम्ही काय मेलोय?"

"पैशाचं म्हणतायत हो, बाबा."

"मग पैशाचं म्हणा. माणसांना कशाला त्यात ओढता?"

आजोबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आजही तसेच पडले होते. फक्त धुतलेला सदरा घालून.

दारात काका उभा राहिला आणि आत्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. काकाने कोट घातला होता. काळा, खांद्यात थोडा मोठा, आणि त्याला कसल्यातरी अत्तराचा वास.

"हे काय, बारक्या? फोटो काढायला निघालास?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"आपल्याला चांगलं दिसायचं नाहीये! सकाळपासून तेच तर समजावतेय!"

"राहू द्या हो, ताई," आई म्हणाली. "खालचा शर्ट बघा की. कॉलर पार विरलीय."

"अगं, ती कॉलरच तर दाखवायचीय!"

काकाने कोटाचं बटण लावलं. तो कारखान्याची बर्फाची गाडी चालवायचा. बाजारात, दवाखान्यात, मासळीच्या धक्क्यावर लाद्या पोचवायचा. घराच्या शेजारच्या खोलीत एकटाच राहायचा. आत्या त्याच्याजवळ गेली, कोटाची कॉलर नीट केली आणि हळू आवाजात म्हणाली, "बारक्या, ऐक. तू आज तोंड उघडायचं नाहीस. तुला शपथ घालत नाही, पण उघडायचं नाहीस."

"मी कशाला बोलतोय?"

आईने चहाचं आधण ठेवलं आणि त्या दोघांकडे पाठ केली. आत्याला कशाची भीती वाटतेय ते तिला माहीत होतं. काकाला एक वाक्य म्हणायची सवय होती. कोणाचा नळ फुटू दे, कोणाचं पोर पडू दे, कोणाची म्हातारी हरवू दे, काका म्हणायचा, "मी आहे ना." घरात ते वाक्य कोणी कानावर घेतच नसे. थोरला गेला, म्हणजे तिचा नवरा, तेव्हाही काका याच दारात उभा राहून तेच म्हणाला होता. वहिनी, मी आहे ना. तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. खिसा तर त्या दिवशीही रिकामाच होता.

*

पाहणीच्या बाई ठेंगण्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पायात खूप चाललेल्या चपला. आत्याला त्या बघताक्षणी आवडल्या, आणि म्हणूनच ती जास्त सावध झाली. कडक माणसासमोर आपण जपून बोलतो. प्रेमळ माणूस मात्र सगळं बोलवून घेतो.

एका खुर्चीवर बाई बसल्या, दुसऱ्या खुर्चीवर गारू. बाकीच्यांना बसायला जागा नव्हती, तेव्हा आई, आत्या आणि काका गारूच्या खुर्चीमागे ओळीने उभे राहिले. आजोबा खाटेवर उठून बसले. तेही मागेच.

आईने बाईंना पाण्याचा पेला दिला. त्यात बर्फाचा खडा होता. बाईंनी पेला तोंडाला लावला, मग थांबून खिडकीकडे धरला. ऊन पेल्यातून आरपार येऊन त्यांच्या मनगटावर पडलं आणि हलत राहिलं.

"यात बर्फ आहे ना? दिसतच नाहीये."

"दिसायला नकोच," आजोबा म्हणाले.

रुसवा इतक्या लवकर सुटेल असं आत्याला वाटलं नव्हतं.

"आमच्या घरी येतो तो पांढरा असतो," बाई म्हणाल्या.

"मग तुम्हाला गाभ्यासकट विकतायत." आजोबांनी पाय खाली सोडले. "डब्यात पाणी भरायचं, डबा मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत सोडायचा. बर्फ कडेकडेने धरतो, बाहेरून आत. धरताना तो स्वतःपुरतं चांगलं पाणी घेतो आणि उरलेलं सगळं मधे ढकलतो. क्षार, गाळ, हवा. शेवटी मधोमध हातभर पाणी उरतं, ते गढूळ. ते नळीने ओढून काढायचं आणि ताजं घालायचं. जन्मभर मी तेवढंच केलं."

"लहान असताना मी ते पाणी चाखायची," गारू म्हणाली. "आजोबा ओरडायचे."

"ओरडणारच. कडवट, खारट."

"तेच, मॅडम." गारू पुढे सरकली. आत्याने तिला इतकं बोलताना फार दिवसांत ऐकलं नव्हतं. "समुद्र गोठतो तेव्हाही बर्फ मीठ बाहेर टाकतो. पण तिथे नळी घेऊन कोणी उभं नसतं. मग ते खारट पाणी बर्फाच्या बारीक बारीक फटींतून खाली गळतं. ते इतकं जड आणि गार असतं की खालीच जात राहतं. अंधारात, तळापर्यंत. आणि तळाशी पोचलं की वाहायला लागतं, एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात. पृष्ठभागावर कोणाला काही कळतही नाही. ते किती गळतं, कसं गळतं, ते मला मोजायचंय."

आत्याला तिच्या बोलण्यातलं निम्मं कळलं नव्हतं, पण आपणही कुठल्यातरी अंधाऱ्या पाण्यात हळूहळू खाली चाललोय असं तिला क्षणभर वाटलं, आणि भीती वाटली नाही.

मग बाईंनी पिशवीतून पेन काढलं, आणि आत्या जागी झाली.

"वडील?"

"नाहीत."

"आई काम करतात?"

"इथेच," आई म्हणाली. "लाद्यांना भुसा लावून गोणपाटात गुंडाळायचं."

"घर?"

"कारखान्याचं. काम आहे तोवर."

"म्हणजे तसं हिच्यामागे..." बाईंनी वर बघितलं. गारूच्या खुर्चीमागे तीन माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि त्यांच्या मधल्या फटीतून खाटेवरचे आजोबा बघत होते. बाईंना वाक्य पुरं करता येईना.

"बोला, बोला," आजोबा म्हणाले. "आम्ही दिसतोय ना?"

"बाबांना जरा कमी ऐकू येतं," आत्या घाईने म्हणाली.

"मला चांगलं ऐकू येतं."

बाई हसल्या. "आजोबा, मी पैशाबद्दल विचारतेय. माणसं तर मला दिसतायतच."

"मग हरकत नाही. पैसे नाहीत."

आत्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांनी इतक्या सहज सांगितलं की आता पुढे काही अवघड उरलंच नाही. चहा झाला. बाई गारूच्या मार्कांबद्दल, थंडीच्या कपड्यांबद्दल, भाषेबद्दल विचारत राहिल्या. पेन बंद करता करता त्यांनी अगदी सहज, आईकडे बघून विचारलं, "आणि समजा ही तिकडे आजारी पडली, किंवा मधेच काही अडलं, तर? कोणाला हाक मारायची?"

"मी आहे ना!" काका म्हणाला.

बाईंनी पेन पुन्हा उघडलं. कोटाकडे बघितलं.

"तुम्ही काका?"

"हो, सख्खा."

"आपण काय करता?"

"बर्फाची गाडी आहे."

"स्वतःची?"

"आपलीच म्हणायची," काका म्हणाला आणि मोकळं हसला.

बाईंनी लिहून घेतलं. फार नाही. चारपाच शब्द असतील. आत्या उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत होती, पण अक्षर बारीक होतं.

*

पडद्यामागे, ओट्याशी, आत्याने आईचा दंड धरला.

"ऐकलंस? आपलीच म्हणायची! आता काय राहिलं?"

"हळू बोला."

"बाहेर जा आणि सांग तिला. त्याच्याकडे काही नाही म्हणून."

"तुम्ही सांगा."

"मी बहीण आहे त्याची!"

"आणि मी कोण?" आई म्हणाली. "ताई, हे गेले त्या वर्षी भाऊजी आमच्या उंबऱ्याशी झोपले. पूर्ण हिवाळा. मी म्हटलं, आत या, नाहीतर घरी जा. म्हणाले, रात्री पोरगी दचकून उठली तर दार उघडायला कोणी नको का? आता त्यांच्यासमोर उभी राहून मी परक्या बाईला सांगू, की हा माणूस जे म्हणतो त्यात काही दम नाही?"

"दम आहे गं. पैसे नाहीत."

"ते तिला कसं कळणार?"

रिकामे कप घेऊन गारू आत आली होती. आत्या तिच्याकडे बघत राहिली, आणि गारूला कळलं की आता आपली पाळी.

"तू सांग," आत्या म्हणाली. "तुझंच काम आहे. तुझ्या तोंडून त्याला राग नाही येणार."

गारू कप विसळायला लागली. राग नाही येणार, ते खरं होतं. तिला परीक्षेचा दिवस आठवला. दुसऱ्या गावातलं केंद्र, पहाटेची बस चुकलेली, आणि काकाने तिला लाद्यांनी भरलेल्या गाडीतून नेलं होतं. जा, मी आहे ना, तो म्हणाला होता. तिला वाटलं होतं, तो माल पोचवून परत येईल. मधल्या वेळेत ती खिडकीशी आली तेव्हा गाडी झाडाखाली तिथेच होती. गाडीखालून पाण्याचा एक लांबच लांब ओघळ रस्त्याच्या उतारावरून, फाटकाखालून, थेट शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. उन्हात चमकत होता. त्या दिवशी मालक काकाला काय काय बोलला ते तिला कधी कळलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

"मग बस इथेच! लाव भुसा आईसारखा!" आत्याचा आवाज फुटला आणि तिने तोंडावर पदर घेतला. "मला काय हौस आहे? मी पण नाही सांगू शकत. सकाळपासून सगळ्यांना शिकवतेय, आणि मलाच जमत नाहीये."

आईने हात पुसले.

"गारूचं राहिलं तर भाऊजींना एक ना एक दिवस कळेल, ते कशामुळे राहिलं," ती म्हणाली. "मग? त्यापेक्षा आज मी वाईट झालेली बरी."

तिने पडदा सारला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि खाटही रिकामी होती. कारखान्याकडचं दार उघडं होतं आणि त्यातून पांढरं धुकं जमिनीलगत घरात येत होतं.

*

झालं होतं असं. बायका आत गेल्यावर बाईंनी काकाला अगदी साधा प्रश्न विचारला होता. "महिन्याला साधारण किती पाठवू शकाल?"

काकाला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. तो वाक्य म्हणायचा आणि लोक मान हलवायचे, डोळे पुसायचे, कधी नुसतेच निघून जायचे. किती, असं त्या वाक्याला काही असतं हेच त्याला माहीत नव्हतं. पडद्यापलीकडची कुजबुज त्याला ऐकू येत होती. शब्द नाही, पण वहिनींचा आवाज. तो आवाज त्याने असा शेवटचा ऐकला होता तो थोरला गेला तेव्हा.

"चला, कारखाना दाखवतो," तो म्हणाला होता.

आता ते टाकीवर उभे होते. टाकीवरच्या लाकडी झाकणांच्या फटींतून गार वाफ वर येत होती आणि छताजवळच्या झरोक्यांमधून आलेलं ऊन त्या वाफेत तिरपं टेकून उभं होतं. पायाखाली, झाकणांच्या खाली, डबेच डबे. प्रत्येक डब्यात कडेकडेने बर्फ धरत होता आणि मधे पाणी अजून जागं होतं, बुडबुडत. एका कामगाराने कप्पीवरून डब्यांची रांग उचलली, साध्या पाण्यात बुडवली, कलती केली, आणि लाद्या एकामागून एक घसरत आल्या, आवाज न करता, आतून निळ्या. बाईंनी नकळत हात पुढे केला आणि मागे घेतला. थंडीने काकाला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा कोट योग्य ठिकाणी आला होता.

आजोबा एका डब्याशी वाकून मधलं पाणी बघत होते. काम सोडून वर्षं झाली तरी तिथे आले की ते वाकायचेच.

"मॅडम," काका म्हणाला. "ते मघाचं."

"काय?" कॉम्प्रेसर इथे जवळच होता. बाईंनी कानाशी हात नेला.

"ते मघाशी म्हटलं ते. ते माझ्याच्यानं होणार नाही."

"ऐकू येत नाही!"

काकाने इकडेतिकडे बघितलं. दारात गारू, वहिनी आणि ताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. वहिनींनी एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं. त्या काय बोलणार होत्या ते त्याला अचानक समजलं. आणि ते त्यांना बोलायला लागू नये असं वाटून तो ओरडला.

"माझ्याच्यानं होणार नाही! पैसे नाहीत माझ्याकडे!"

कप्पीवरचा माणूस थांबला. लाद्या ओढणारे दोघे थांबले.

"पण गाडी?" बाईंनाही ओरडावं लागलं.

"गाडी माझी नाही! कारखान्याची आहे! मी चालवतो फक्त!"

"मग 'मी आहे' म्हणालात ते?"

"ते मी असंच म्हणतो! सगळ्यांनाच म्हणतो!"

"मलापण म्हणाला होता!" कप्पीवरचा ओरडला. "माझ्या मेव्हण्यालापण!"

हशा पिकला. लाद्या ओढणाऱ्यांपैकी एकाने हातातला लोखंडी आकडा जमिनीवर आपटला. काकाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आता सुरुवात झालीच आहे तर काही ठेवू नये, असं त्याला वाटलं.

"कोटपण माझा नाही!"

"ते कळलं होतं!" बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून कागद काढला, एका पालथ्या डब्यावर ठेवला आणि मघाचं लिहिलेलं खोडलं. वाफेने कागद ओला झाला होता, शाई उठेना. त्यांनी तीच जागा पुन्हा पुन्हा गिरवली. काका बघत उभा होता. आपल्या अंगातून काहीतरी ओढून काढतायत आणि त्या जागी अजून दुसरं काही घातलेलं नाही, असं त्याला वाटत होतं.

"मग तुम्ही नेमकं करता काय हिच्यासाठी?" बाईंनी जवळ येऊन विचारलं. आवाज कठोर नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आजोबांनी डब्यावरून मान वर केली.

"येतो," ते म्हणाले. "हाक मारली की येतो. न मारताही येतो कधीकधी, त्याचा त्रासच होतो."

बाईंनी ते लिहिलं नाही. नुसती मान हलवली, आणि गार पडलेले हात काखेत घालून उभ्या राहिल्या.

*

संध्याकाळी काका चहाला आला नाही. आई कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो गाडीच्या पायरीवर बसला होता. कोट घडी करून बाजूला ठेवलेला. त्या विरलेल्या कॉलरमध्ये तो पूर्वीसारखाच पोरसवदा दिसत होता.

"घ्या, भाऊजी."

त्याने कप घेतला. पलीकडे आत्या आजोबांना मोठ्याने कशावरून तरी रागावत होती, म्हणजे घर पुन्हा जागेवर आलं होतं.

"तुम्ही बोलणार होतात ना तिथे?" काकाने विचारलं.

"हो."

"मी आधी बोललो ते बरं झालं."

"बरं झालं."

"पण वहिनी, आता पुढे काय करायचं? कोणी रडत आलं माझ्याकडे, तर मी काय म्हणू? मला दुसरं काही येतच नाही."

आईने त्याच्या हातातल्या कपाकडे बघितलं.

"चहा द्या," ती म्हणाली. "आणि बसा."

*

पुढच्या महिन्यात संस्थेचा फोन आला तेव्हा गारू एकटीच घरी होती. बाईंनी स्वतःच केला होता. झालं तुझं, त्या म्हणाल्या, बाकीचं कळवतील. त्यांच्या आवाजामागे कुठल्यातरी रस्त्याची वर्दळ होती. त्या बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घराकडे चालत निघाल्या होत्या.

गारूला वाटलं होतं, फोन आला की आपण धावत सुटू. पण ती खाटेवर बसून राहिली. दोन्ही हातांनी खाटेची पट्टी घट्ट धरून. आई बाजारात गोणपाट आणायला गेली होती. आजोबा तिच्याबरोबर. आत्या कामावर. बऱ्याच वेळाने ती उठली आणि बाहेर आली.

काका गाडी भरत होता. लादीमागून लादी फळीवरून वर ढकलत होता आणि प्रत्येक लादी गाडीच्या अंधारात गेली की आत थोडा उजेड पडल्यासारखं होत होतं.

"काका. मिळालं."

त्याने आकडा बाजूला ठेवला. तोंड उघडलं. गारूला ती सवय माहीत होती, शब्द कुठला येणार तोही माहीत होता, आणि तो आला नाही. काकाने तोंड मिटलं. ओले हात पँटला पुसले, तिच्या डोक्यावर ठेवले. हात इतके गार होते की तिने डोळे मिटून घेतले.

"कधी जायचं?"

"उन्हाळा संपला की."

"लांब आहे."

"खूप."

"तिकडे थंडी असेल ना? ती बाई कपड्यांचं विचारत होती."

"असेल. बारा महिने बर्फच."

काकाने गाडीच्या आत बघितलं. लाद्यांवरून वाफ निघत होती आणि कारखान्याच्या दाराकडे परत जात होती.

"बर्फच आहे म्हणतेस," तो म्हणाला. "मग तू तर घरीच निघालीस."

त्याने शेवटची लादी आत ढकलली, गोणपाट ओढलं आणि फळी वर घेतली. गाडी फाटकाबाहेर पडून वळेपर्यंत गारू तिथेच उभी होती. मग तिला आठवलं की आईला अजून सांगायचंय, आणि ती बाजाराच्या रस्त्याला लागली. आधी चालत, मग धावत.